सातारा, आमच्या प्रतिनिधीकडून

९ जानेवारी १९९४

काल पाठवलेली बातमी आज चार ओळींत. दीड पान होतं. पुनर्वसन वसाहतीत अजून नळ नाहीत, ही बातमी. त्यातला नळच कापला. उरलं काय, तर 'या वेळी मान्यवर उपस्थित होते'. मान्यवर कुणी नव्हतेच! मी होते आणि एक शेळी.

सांगलीला इनामदारांना फोन लावला. "बाई, ऐन वेळी जाहिरात आली हो. तुम्ही तर समजून घेता." घेते. आयुष्य त्यातच गेलं. संपादक झाले तरी मला बाईच म्हणतात, कारण मथळ्याची अक्षरं कशी मोजायची ते त्यांना मी शिकवलं होतं. पहिल्या दिवशी घामाघूम झालेलं पोर. आता केस पांढरे झालेत त्याचे.

संध्याकाळी कादंबरीचं तिसरं प्रकरण पुढे सरकलं. तिथं ऐन वेळी जाहिरात येत नाही.

१५ जानेवारी

मगदूम येऊन गेले. सांगलीचे प्रकाशक, म्हणजे एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर टांगलेली ती रंगीत पुस्तकं असतात ना, ती छापतात. दिवाळी अंकातली माझी हेरकथा वाचून त्यांनीच कादंबरी मागितली होती. तिळगूळ तोंडात टाकला आणि सुरू.

"बाई, लय झ्याक जमलंय. वाचता वाचता माझा चा गार झाला. पर एक अडचन हाय."

"कसली?"

"तुमी बाई हाय."

मी तिळगुळाचा डबा बंद केला.

"आवं, हेरकथा बाईमाणसाच्या नावावर कोन घेनार? स्टॉलवाला हसंल मला. लेखकाचं नाव ठिवू, मेजर समशेर."

हे आत पेपर वाचत होते, ते बाहेर आले. "मेजर? मी सगळी नोकरी घासून कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. आणि ही स्वयंपाकघरातनं डायरेक्ट मेजर?"

"मंग कर्नल करू का?" मगदूम म्हणाले. अगदी मनापासून.

विचार करून सांगते म्हटलं. पेपरातही माझं नाव कधी येत नाही. 'सातारा, आमच्या प्रतिनिधीकडून', बस. उमेदवारीपासून हेच नाव. आता आयुष्यात पहिलं पुस्तक होतंय, तर त्यावरही दुसऱ्याच्या मिशा.

२८ जानेवारी

थंडी. कपाट आवरताना शाळेतला लोकरी मफलर सापडला. पाचगणीचा. अजून त्याला कापराचा वास आहे.

कॉन्व्हेंटात दिवे गेल्यावर पांघरुणाखाली टॉर्च लावून खुनाच्या गोष्टी वाचायचो. सिस्टर बर्नाडेटनी एकदा टॉर्चसकट पकडलं. वाटलं आता घरी पाठवतात. वाईहून बाबा येणार, पसरणीचा घाट उतरताना एक अक्षर बोलणार नाहीत. तर दुसऱ्या दिवशी सिस्टरनी पुस्तक परत दिलं आणि हळूच विचारलं, खुनी कोण निघाला? त्यांच्या प्रतीचं शेवटचं पान फाटलेलं होतं.

अक्षरही त्यांचंच. देवनागरीसुद्धा मी त्यांच्या वळणानं काढते, गोल, एकाला एक हात धरून चालल्यासारखं. कार्यालयात सगळे ओळखतात. सिस्टर गेल्याला किती वर्षं झाली. हे हस्ताक्षर मात्र रोज पाच वाजताच्या गाडीनं सांगलीला जातंय.

६ फेब्रुवारी

यांना वाचायला देऊन चूक केली. समासात लाल पेन्सिल. 'असा वायरलेस सेट आपल्याकडे नाही.' 'संत्री पहाऱ्यावर शिट्टी वाजवत नाही.' 'हेर खोकणार नाही.'

"अहो, त्याला सर्दी झालीय."

"मग त्याला मिशनवर पाठवला कोणी?"

शेवटी पान ओढून घेतलं.  संध्याकाळी यांनी स्वतः चहा करून आणला आणि म्हणाले, "खोकू दे. पण रुमालात."

माझा नायक जयवंत हा पेपरचा वार्ताहर आहे, कारण मला दुसरं काही येत नाही. प्रत्येक प्रकरणाची सुरुवात त्यानं पाठवलेल्या बातमीनं. ते जमतंय चांगलं. हात आपोआप चालतो. स्थळ, तारीख, 'आमच्या प्रतिनिधीकडून'. सातवं प्रकरण कराडला, संगमावर. शत्रूचा माणूस नदीत पूड टाकतो.

१६ फेब्रुवारी

सातवं प्रकरण पूर्ण. मगदूमांना आजच हवं. पेपरची बातमीही आजचीच, पाणपट्टीची सभा. कंबर धरलीय, म्हणून हे म्हणाले, दोन्ही मी स्टँडवर देतो.

गेले एकदाचे. गाडीच्या आधी पाऊण तास. लष्करी शिस्त.

१७ फेब्रुवारी

सकाळी हौसाबाई भांडी घासायला आली ती दारातूनच. "आवं बाई, कराडात पान्यात इख टाकलंय म्हनं! माझी लेक हाय की तितं!"

"कोण म्हणालं?"

"पेपरात आलंय. तुमच्याच."

पेपर उघडला. पहिलं पान. खाली डावीकडे. 'कृष्णेच्या पाण्यात विषारी पूड?' कराड, आमच्या प्रतिनिधीकडून. माझं वाक्य न् वाक्य. सातव्या प्रकरणाचं पहिलं पान. वेलांटीसुद्धा बदललेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही न कापता छापलं!

 खुर्चीत बसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

१७ फेब्रु., दुपार

उलगडा झाला. बातमीची पाकिटं पेपरनं छापून दिलेली असतात, जाड, वर लाल अक्षरात 'बातम्या, तातडीचे'. ती कंडक्टर विनातक्रार घेतात, सांगली स्टँडवर आमचा शिपाई उचलतो. साधं पाकीट घ्यायला कंडक्टर कुरकुर करतो. म्हणून आमच्या कॅप्टनसाहेबांनी डोकं चालवलं. मगदूमांचं प्रकरणही पेपरच्याच लाल पाकिटात घातलं आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, 'मगदूम'. शिपायानं लाल अक्षरं बघितली आणि दोन्ही पाकिटं कार्यालयात नेली.

"पेन्सिलीनं का लिहिलंत?"

"पाकीट परत वापरता यावं म्हणून."

काय बोलू या माणसाला? संसार केलाय याच्याशी. बूट पॉलिश करत बसलेत सकाळपासून. तोच तोच बूट.

इनामदारांना फोन लागला तेव्हा ते आधीच ओरडत होते. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "डेस्कवर कुणी शंका घेतली नाही, बाई. तुमचं अक्षर होतं. तुमचं अक्षर दिसलं की आम्ही थेट मथळा लावतो."

"आणि खालची पानं? तिथं तर जयवंत टॉवरवर चढतोय!"

"ती म्हणे पुरवणीची समजून बाजूला ठेवली. शिवाय मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकलंय आपण."

प्रश्नचिन्ह! दाराला दृष्टीचं लिंबू बांधावं तसं.

१८ फेब्रुवारी

कराडात काल दुपारपर्यंत नळ बंद. घाटावर लाठ्या घेऊन माणसं. हौसाबाईच्या जावयानं पोरांना दिवसभर उसाचा रस पाजला. आज ती पोरं पोट धरून बसलीत, आणि हौसाबाई म्हणते, "बगा, इखच आसंल."

हसायला आलं असतं. पण घाटावर एक रांगोळीवाला बसतो, त्याला लोकांनी धरला. पिशवीत पांढरी पूड म्हणून. पोलीस येईपर्यंत थपडा खाल्ल्या बिचाऱ्यानं. हे मला इनामदारांनी सांगितलं नाही. पोलिसांनीच फोनवर सांगितलं, अगदी सभ्यपणे. त्यामुळे जास्त लागलं.

आज पेपरात खुलासा. 'कालचे वृत्त अनवधानाने प्रसिद्ध झाले.' माझं नाव नाही. इनामदारांनी पाठ राखली. पण बाईंच्या कादंबरीचं पान छापलं, हे साताऱ्यात कुणाला सांगायला लागतंय? भाजीवाली म्हणाली, "बाई, भाजी नदीच्या पान्याची न्हाई हां, हिरीची हाय."

२१ फेब्रुवारी

मगदूम आले. आनंदानं फुललेले. कुणाचं घर जळतंय आणि याला शेकोटी.

"बाई, मेजर समशेरला मारा गोळी! आता नाव तुमचंच पायजे. मोठ्या टायपात. सगळा जिल्हा इचारतोय, त्या बाईची कादंबरी कवा येनार?"

"महिन्यापूर्वी मी बाई होते ही अडचण होती."

"तवा तुमास्नी कोन वळखत हुतं?"

खरं आहे. तेच तर.

मला आनंद झाला. लिहून ठेवते, दुसरीकडे कुठं बोलणार? रांगोळीवाल्यानं थपडा खाल्ल्या आणि मला नाव मिळालं, आणि तरीही मनात कुठंतरी त्या शाळकरी पोरीनं टाळी वाजवली. पुस्तकावर माझं नाव! बाबा असते तर त्यांनी बाहेर काही न दाखवता वाईच्या स्टॉलवरून पुस्तक विकत घेतलं असतं.

२५ फेब्रुवारी

इनामदारांचा फोन. मगदूमांचं कानावर गेलंय.

"बाई, कादंबरी लिहा. कोण नको म्हणतंय? पण तुमच्या नावावर नको. तो मेजर काय वाईट होता? सातारच्या प्रतिनिधी रहस्यकथा लिहितात हे पुस्तकावरच छापून आलं, तर उद्या धरणाची बातमी कोण खरी मानेल?"

"मी बातमीत कधी खोटं लिहिलंय?"

"नाही. म्हणून तर सांगतोय. पाडव्यापर्यंत ठरवा. नाव पुस्तकावर घातलंत तर साताऱ्याला मला दुसरा माणूस बघावा लागेल."

फोन ठेवला. मग पुन्हा उचलून आणखी चार शब्द ऐकवावेत असं वाटलं. पण लाइन गेली होती. हे एक बरं असतं.

यांना विचारलं. म्हणाले, "मी काय सांगणार? मला पाकिटातलं कळत नाही." रुसलेत अजून.

१० मार्च

महाशिवरात्र. यात्रेच्या बातमीसाठी कराडला. खरं तर रांगोळीवाल्याला बघायला.

घाटावरच बसला होता. मी कोण ते सांगितलं. तो उठून उभा राहिला, म्हणजे मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं. म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला.

"जाऊ द्या वो बाई. लोकं भ्याली हुती." मग टोपलीकडं बोट करून, "पर आता पांढरी ठेवत न्हाई. निस्ती रंगीत."

लाल, हिरव्या, निळ्या पुड्या. पांढरी नाही. पांढऱ्याशिवाय रांगोळी कसली?

निघताना म्हणाला, "बाई, तुमी पेपरवाल्या न्हवं? मंग खाली येऊन बगा. दोन दीस झालं सांगतोय, कुनी आयकंना." घाटाच्या पलीकडे नेलं. पाणी काळपट तांबडं. वर फेस. मासे उलटे, पांढरी पोटं वर, काठानं नुसती रास. वरच्या अंगाच्या कुठल्यातरी साखर कारखान्यानं मळी सोडलेली, सगळा काठ सांगत होता. थोड्याच अंतरावर बायका सोमेश्वराला वाहायला त्याच पाण्याचा तांब्या भरत होत्या.

"वास घ्या, बाई. इस्वास नसंल तर."

वास घेतला. विश्वासही बसला. तिथंच पायरीवर बसून बातमी लिहिली. किती दिवसांनी हात असा चालला. स्थळ, तारीख, पाहिलं तेवढंच. एक विशेषण नाही. कराडहूनच गाडीला पाकीट दिलं. लाल.

११ मार्च

बातमी नाही. यात्रेची आहे, चार ओळी.

इनामदारांना फोन. थोडा वेळ इकडचं तिकडचं. मग, "बाई, रागावू नका. ही खरी की कादंबरीतली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डेस्कवाले विचारतात. पुन्हा कराड, पुन्हा संगम, पुन्हा पाणी."

"अक्षर माझंच आहे ना?"

"अक्षर तुमचंच आहे, म्हणून तर विचारतोय."

फोन ठेवून देवघरापाशी जाऊन बसले. कोणत्या देवापुढे ते बघितलंही नाही.

१२ मार्च

हॉर्लिक्सची बाटली घेतली, पहिल्या गाडीनं कराड. रांगोळीवाल्यानं खाली उतरून भरून दिली. झाकण घट्ट, वर प्लास्टिक, वर यांचा मिलिटरी रुमाल. तरी गाडीत वास. शेजारचा गृहस्थ इस्लामपूरला उतरेपर्यंत माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर.

सांगली. कार्यालयात सगळे उभे राहिले, पूर्वीसारखे. पण नजरा खाली. सरळ आत गेले, बाटली इनामदारांच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

"बाई! बाई, बंद करा!"

"कादंबरीतलं आहे. घाबरू नका."

"बंद करा हो!"

"तुमच्या कोपऱ्यातला माठ कुठल्या पाण्यानं भरतो, इनामदार? कराडचं पाणी पुढे कुठं जातं?"

त्यांनी माठाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग शिपायाला म्हणाले, "तो माठ ओतून टाक." आणि डेस्कवरच्या चव्हाणांना हाक मारली, पहिल्या पानावर जागा ठेवा म्हणून.

जिंकल्यासारखं वाटलं. इनामदार दारापर्यंत पोचवायला आले. चपला घालताना हळू आवाजात म्हणाले, "बाई, आज आणलीत. दर वेळी बाटली आणणार का?"

टोमणा नव्हता तो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. घामाघूम झालेलं तेच पोर. दुसरी चप्पल घातली आणि निघाले.

१३ मार्च

छापून आली. पूर्ण. आठ कॉलमी नाही, पण ठळक. वर 'कराड, खास चौकशीअंती'. 'आमच्या प्रतिनिधीकडून' नाही.

म्हणजे ते नावसुद्धा गेलं.

२२ मार्च

कारखान्यावर चौकशीला माणसं आली म्हणे. पाणी निवळतंय. हौसाबाईची लेक नळाचं पाणी पिते आहे. चला.

शेवटचं प्रकरण लिहिताना अडले. जयवंतनं पाठवलेली बातमी त्याचा संपादक फेकून देतो, असं लिहून बसले. पुढे काय, सुचेना. यांनी वाचलं. लाल पेन्सिल नाही. एवढंच म्हणाले, "हे बरोबर आहे. असं होतं." फार वर्षांपूर्वी सीमेवर असताना यांनी पाठवलेला एक संदेश वर कुणी खरा मानला नव्हता. याआधी कधी बोलले नव्हते. मग दोघं बराच वेळ गच्चीत. अजिंक्यताऱ्यावरचा वणवा दिसत होता, लांबून माळ घातल्यासारखा.

२ एप्रिल

कादंबरी संपली. जयवंत नोकरी सोडतो की नाही, ते सांगितलं नाही. मगदूम फोनवर रडकुंडीला. "आवं, वाचनारा माझ्या गळ्याला धरंल की! खुनी सापडला, पर हिरोचं काय?"

म्हटलं, मला ठाऊक असतं तर लिहिलं असतं.

९ एप्रिल

पाडवा दोन दिवसांवर. मगदूमांनी मुखपृष्ठ पाठवलं. निळी नदी, पिवळा चंद्र, पिस्तूल. बुरख्यातली एक बाई, जी माझ्या कादंबरीत कुठंच नाही. आणि खाली माझं नाव. लाल, मोठं, जरा तिरकं. सुलभा. आडनावासकट.

कितीदा पाहिलं ते लिहीत नाही.

चिठ्ठी आहे सोबत. 'बाई, नाव हेच ठेवायचं का मेजर समशेर, खूण करून आजच्या गाडीनं पाठवा. मशीन थांबवलंय.' इनामदारांचाही निरोप आलाय, कुणाकरवी. काही विचारलं नाही त्यांनी. फक्त, यंदा टंचाईचा दौरा माण-खटावला आहे, बाई येणार का, मी जीप ठेवतो. जीप कधी दिली नव्हती आजवर.

माणला मी पहिल्यांदा गेले होते तेव्हा विहिरीच्या तळाशी एक मुलगी वाटीनं पाणी भरत होती. ती बातमी मी लिहिली, आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला. नाव नव्हतं माझं खाली. कुणाला हवं होतं तेव्हा? मला नको होतं. खरंच नको होतं का?

साडेचार झाले. हे बूट घालून तयार. या वेळी दोन साधी, पांढरी पाकिटं बाजारातून आणलीत, पेपरचं लाल एकही नाही. एकावर मगदूम, एकावर इनामदार, दोन्ही शाईनं, दोन्ही ठळक, वर अधोरेखित. माझ्यासमोर धरून उभे.

"सुलू, कशात काय घालायचं ते तूच घाल. मी नुसता नेऊन देणार."

"कंडक्टर कुरकुर करेल."

"करू दे. मी कॅप्टन आहे."

मुखपृष्ठ पुढ्यात आहे, अजून खुणेविना, आणि इनामदारांसाठीचा कोरा कागद. यांनी स्वतःची लाल पेन्सिल टोक करून शेजारी ठेवलीय. न सांगता.

म्हटलं, बसा जरा. चहा टाकते.

"गाडी पाचची आहे."

"ठाऊक आहे हो मला. माझ्याइतकी ती गाडी कुणाला ठाऊक असणार?"